चोखणी, खेळणे आणि तान्ह्याचा कान

‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक तान्ह्या बाळाला कळतो का, हे त्याला विचारता येत नाही; हालचालींवरून ताडावे लागते. ब्राउन विद्यापीठातील पीटर आयमस आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली त्यासाठी चोखण्याचा आधार घेतला. एक आणि चार महिन्यांच्या बाळांना रबरी चोखणी दिली. बाळाने जोर लावला की ‘बा’ ऐकू येई. तेच तेच ऐकून चोखणे मंदावले की ‘पा’ लावायचा. जोर पुन्हा वाढला, तर फरक कळला. पण बाळे रडतात, झोपतात, चोखणी थुंकतात. अशी बाळे हिशेबातून वगळली जात, म्हणजे निष्कर्ष उरलेल्या शहाण्या बाळांचा.

सहा महिन्यांपुढच्या बाळांसाठी मान वळवण्याची पद्धत आली. आवाज बदलताच बाळाने मान वळवली, तर काळ्या काचेच्या पेटीतले खेळणे उजळून हलू लागते. आईच्या कानांवर हेडफोन असतात, नाहीतर बाळाला तिच्याकडूनच सुगावा लागायचा. आवाज न बदलताच मान वळली, तर ती चूक धरतात. म्हणून ही पद्धत अधिक काटेकोर. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली हिने दाखवले, की हिंदीतले ‘त’-‘ट’ (आपल्या ‘ताट’मधले) इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना वेगळे कळतात; वर्षाच्या आसपास बहुतेकांना कळेनासे होतात.

पुढे बाळ कोणत्या आवाजासाठी किती वेळ पाहते, हे सेकंदांत मोजणे रूढ झाले. मात्र त्याच बाळाला काही दिवसांनी पुन्हा बसवले तर आकडा तोच येईल का, हा साधा प्रश्न कित्येक दशके क्वचितच कोणी विचारला. कारण उघड होते: उत्तर गटाबद्दल हवे होते, एकेका बाळाबद्दल नव्हे. नंतर याच आकड्यांवरून बाळाच्या भावी शब्दसंग्रहाचे अंदाज बांधले जाऊ लागले, तेव्हा ही उणीव बोचू लागली. ‘मेनीबेबीज’ या संयुक्त प्रकल्पात ६७ प्रयोगशाळांनी २,३२९ बाळांवर लाडिक बोलण्याची आवड मोजली; २०२० च्या अहवालात गटाची आवड स्पष्ट दिसली. पण सात प्रयोगशाळांनी १५८ बाळांना दुसऱ्यांदा बोलावले, तेव्हा बाळाच्या दोन दिवसांच्या आकड्यांत मेळ जवळजवळ नव्हता.

रुग्णालयात नवजात बाळाची श्रवणचाचणी ओएई (कानातून परतणारा सूक्ष्म ध्वनी टिपणाऱ्या) किंवा बेरा (श्रवणमार्गाचा विद्युत प्रतिसाद टिपणाऱ्या) यंत्राने होते. तिथे बाळाच्या मर्जीचा प्रश्न येत नाही, पण ‘त’ आणि ‘ट’ त्याला वेगळे कळतात का, हेही त्या चाचणीतून समजत नाही.