सिनेपत्रकारिता, छत्रपती संभाजीनगरातील

सिनेपत्रकारिता, छत्रपती संभाजीनगरातील : चित्रपट व दूरचित्रवाणीविषयी बातम्या, मुलाखती, परीक्षणे आणि सदरे लिहिण्याचा या शहरातील व्यवसाय. मुंबईपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या या शहरात मोठे स्टुडिओ नाहीत, मनोरंजन वाहिन्यांची मुख्यालये नाहीत, बड्या निर्मात्यांच्या कचेऱ्याही नाहीत. इथला सिनेपत्रकार सिनेमा घडताना क्वचितच पाहतो. पाहतो तो थेट पडद्यावर, तोही बहुधा तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांत बसून. या व्यवसायाचे गुणदोष बव्हंशी या अंतरातून आले आहेत.

मराठीत सिनेमावर लिहिण्याची सुरुवात सिनेमा करणाऱ्यानेच केली असे म्हणायला हरकत नाही. दादासाहेब फाळके यांनी 1917-18 मध्ये ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटाविषयी लेखमाला लिहिली. पुढे नाशिकच्या ‘गावकरी’ समूहाच्या ‘रसरंग’ साप्ताहिकाने सिनेमा महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांत वाचनाचा विषय केला. इसाक मुजावर यांनी मराठी चित्रपटाचा इतिहास जमवून ग्रंथबद्ध केला. शिरीष कणेकर यांनी ‘गाये चला जा’सारख्या पुस्तकांतून हिंदी चित्रपटसंगीतावरचे प्रेम खुसखुशीत गद्यात उतरवले. इंग्रजीत चटकदार ‘गॉसिप’ सदराचा पायंडा ‘स्टार अँड स्टाइल’मधून पाडणारी देवयानी चौबळही मराठीच. ही सगळी परंपरा मात्र मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर या पट्ट्यातली.

मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथल्या मराठी वृत्तपत्रांपुढचा पहिला प्रश्न टिकून राहण्याचा होता. आ. कृ. वाघमारे यांनी 1938 मध्ये सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ पत्राला बंदीमुळे वेगवेगळी नावे घेऊन निघावे लागले. अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली ते पुढे औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) स्थिरावले आणि दैनिक झाले. त्याचा पिंड राजकीय आणि वाङ्मयीन. अशा पत्रात सिनेमाला मिळायची ती उरलेली जागा.

शहरातल्या मनोरंजन-लेखनाची खरी तालीम झाली ती नाटकावर. इथल्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, राज्य नाट्यस्पर्धा आणि महाविद्यालयीन एकांकिका यांमुळे वार्ताहराला दिव्यांखालची माणसे जवळून पाहायला मिळाली. ‘जिगीषा’ ही संस्था इथली. तिच्यातले चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी पुढे मुंबईला गेले आणि ‘चारचौघी’सारखी नाटके करून मराठी रंगभूमीवर स्थिरावले; कुलकर्णी यांनी ‘बिनधास्त’ (1999) हा चित्रपटही केला. अभिनेते मकरंद अनासपुरे यांच्यामुळे मराठवाडी हेल मराठी पडद्यावर रुळला. या मंडळींच्या मुलाखतींत स्थानिक पत्राला जो मोकळेपणा मिळतो तो मुंबईच्या पत्राला सहज मिळत नाही, कारण इथे प्रश्न विचारणाऱ्याने त्यांचे पहिले प्रयोगही पाहिलेले असू शकतात. असा पत्रकार परीक्षण लिहिताना हात आखडता घेतो, हेही तितकेच खरे.

‘लोकमत’ची औरंगाबाद आवृत्ती 1982 मध्ये निघाली, 2011 मध्ये ‘दिव्य मराठी’चा आरंभ याच शहरातून झाला. स्पर्धा वाढली, पाने रंगीत झाली, शहर-पुरवण्या आल्या आणि त्या रोज भरायच्या म्हणून मनोरंजनाला हक्काची जागा मिळाली. तरीही केवळ सिनेमा पाहून लिहिणारा पूर्णवेळ वार्ताहर ही इथे चैनच आहे. सकाळी महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, दुपारी कलाकारांची पत्रकार परिषद, संध्याकाळी नाट्यगृहाच्या दुरवस्थेवर महापालिकेची प्रतिक्रिया, असा दिवस एकाच माणसाचा असतो. बाहेरून लिहिणाऱ्यांत प्राध्यापक, रंगकर्मी, बँकेतले नोकरदार असतात. त्यांना मिळते ते मानधन, पगार नव्हे.

या कामाचा कस शुक्रवारी लागतो. मुंबईत परीक्षकांसाठी आधी खास खेळ ठेवतात. इथे बहुधा पहिला खेळ हाच आधार. सकाळी चित्रपटगृहात बसायचे, अंधारात वहीवर गिरमिटलेले शब्द मध्यंतरात लावून घ्यायचे, तीनच्या सुमारास कार्यालयात येऊन चारशे-पाचशे शब्द उतरवायचे, आणि पान सुटायच्या आत तारे किती द्यायचे ते ठरवायचे. पुरवणी आधीच छपाईला गेली असेल तर परीक्षण मुख्य अंकात कोंबावे लागते आणि मग कात्री लागते ती बहुधा छायालेखन, संकलन, ध्वनी यांवरच्या वाक्यांना. कथा आणि तारे तेवढे उरतात. मराठी परीक्षणे कथासारात अडकतात अशी तक्रार नेहमी होते. तिचे एक कारण परीक्षकाच्या डोक्यात नसून पानाच्या मापात आहे.

उरलेल्या दिवसांचा मजकूर पुरवते ती प्रसिद्धी-यंत्रणा. प्रदर्शनाआधी कलाकारांचा दौरा निघतो. त्यात पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर यांबरोबर या शहराचा मुक्काम असतो. हॉटेलातला फलक, पुष्पगुच्छ, ‘सहकुटुंब पाहावा असा चित्रपट’ हे ठरलेले वाक्य, प्रत्येकाला दहा मिनिटे आणि शेवटी सेल्फी, हा क्रम सहसा मोडत नाही. एरवी व्हॉट्सअ‍ॅपवर तयार बातमी येते. ती युनिकोडमध्ये असते आणि कार्यालयातल्या जुन्या टंकात घेतली की जोडाक्षरे फुटतात. उपसंपादक ती दुरुस्त करतो, पण ‘बहुप्रतीक्षित’ आणि ‘धमाकेदार’ ही विशेषणे तशीच ठेवतो. खरी दुरुस्ती तिथे व्हायला हवी.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत परावलंबन आणखी मोठे आहे. मुंबई दूरदर्शन 1972 मध्ये सुरू झाले, ‘अल्फा मराठी’ (आजची ‘झी मराठी’) 1999 मध्ये आणि ‘स्टार प्रवाह’ 2008 मध्ये. मालिकांची चित्रीकरणे मुंबई-ठाण्याबाहेर पडली ती सातारा, वाई, कोल्हापूर, नाशिकच्या बाजूला; मराठवाड्याच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले. त्यामुळे मालिकेवरचा मजकूर म्हणजे वाहिनीने कळवलेले पुढचे वळण आणि प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेचे दर गुरुवारी येणारे टीआरपीचे आकडे. मालिकेचे परीक्षण जवळपास होतच नाही, जरी घराघरांत रोज तीच पाहिली जाते. पडद्यावर ‘मराठवाड्याची’ म्हणून जी बोली येते ती बीडची, लातूरची की कुठलीच नाही, हे सांगण्याचा अधिकार इथल्या लेखकाचा. तो त्याने अजून पुरेसा बजावलेला नाही.

स्थानिक असण्याचा फायदा कसा असतो हे ‘दशक्रिया’च्या वेळी दिसले. बाबा भांड हे याच शहरातले लेखक आणि ‘साकेत’चे प्रकाशक. त्यांच्या कादंबरीवरच्या, संदीप भालचंद्र पाटील दिग्दर्शित या चित्रपटाला 2016 सालासाठीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नोव्हेंबर 2017 मध्ये प्रदर्शनाच्या तोंडावर पुरोहितवर्गाची बदनामी होते म्हणून विरोध उभा राहिला, पैठणहून याचिका झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ती फेटाळली. विषय घाटावरच्या क्रियाकर्माचा, लेखक गावातला, पैठणचा घाट पन्नास किलोमीटरवर आणि न्यायालयही शहरातच. प्रसिद्धी-यंत्रणेच्या मदतीशिवाय चित्रपटाची बातमी लिहिण्याची ही संधी होती. याचिका वाचणे, पैठणच्या घाटावर बोलणे, कादंबरी आणि पटकथा ताडून पाहणे हे सारे एका दिवसाच्या आवाक्यात होते. मुंबईच्या पत्रकाराला त्यासाठी देवगिरी एक्स्प्रेसने रात्र काढावी लागली असती.

समीक्षेची बाजू चित्रपट-चळवळीने सावरली. मुंबईत 1968 मध्ये सुधीर नांदगावकर आदींनी स्थापलेले ‘प्रभात चित्र मंडळ’ आणि त्याचे ‘वास्तव रूपवाणी’ हे नियतकालिक, पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि तिथला रसग्रहण वर्ग यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या लेखकांना जगाचा सिनेमा दाखवला. मराठवाड्यातले ठळक उदाहरण नांदेडचे विजय पाडळकर. गुलजारांच्या दिग्दर्शनावरचे त्यांचे ‘गंगा आये कहाँ से’ हे पुस्तक पाहिले की लक्षात येते की असे लेखन दैनिकाच्या चौकटीबाहेरच शक्य होते.

अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने शहरातल्या पत्रकाराला वर्षातले पाच दिवस वेगळी भूमिका दिली. 2024 मध्ये महोत्सवाचे नववे वर्ष होते. त्या वेळी पद्मपाणी जीवनगौरव पुरस्कार जावेद अख्तर यांना देण्यात आला, पुढच्या वर्षी सई परांजपे यांना. एमजीएम या शिक्षणसंस्थेच्या परिसरात आणि प्रोझोन मॉलच्या पडद्यांवर इराणी, युरोपीय, बंगाली, मल्याळी चित्रपट चालतात आणि दिग्दर्शक प्रेक्षकांशी बोलायला थांबतात. समीक्षकांच्या ‘फिप्रेसी’ या जागतिक संघटनेच्या भारतीय शाखेचे परीक्षकही इथे येतात. मात्र दुसऱ्या दिवशीचा बराचसा मजकूर उद्घाटन, सत्कार आणि पाहुण्यांच्या वक्तव्यांवर खर्ची पडतो. वक्तव्य सुटले तर बातमी चुकली म्हणून विचारणा होते, चित्रपट सुटला तर कोणी विचारत नाही.

कायद्याने परीक्षकाला पुरेशी मोकळीक आहे. प्रताधिकार अधिनियम 1957 च्या कलम 52 नुसार समीक्षेसाठी मूळ कृतीतला वाजवी अंश वापरता येतो. बदनामीची तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. व्यवहारातला दबाव येतो तो जाहिरातीचा. त्यात यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर पैसे घेऊन स्तुती करणारे स्पर्धक आले आहेत. मोबदला घेतल्याचे जाहीर करण्याचे बंधन त्यांच्यावर आहे, ते पाळणारे थोडे.

शहराचे नाव 2023 मध्ये अधिकृतपणे बदलले. मनोरंजन-वार्तांकनाची रीत बदललेली नाही : बातमी मुंबईहून येते आणि मत इथे बनते. मत छापायला जागा अजून कमी आहे.