काम संपलेले रस्ते

पानशेतपर्यंत सायकलवर जाऊन आलो, असं मी आजोबांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "कशाला?"

मला वाटलं, सायकलबद्दल म्हणतायत. त्यांनी खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत उभी नोकरी सायकलवर केली. काळी हर्क्युलिस, मागे कॅरिअर, कॅरिअरला डबा. अशा माणसाला, नातू रविवारी पहाटे साडेचारला उठून चक्क घट्ट चड्डी घालतो, ऐंशी-नव्वद किलोमीटर पायडल मारतो आणि शेवटी निघाला तिथेच परत येतो, हे विचित्र वाटणारच. मी हसलो आणि अंघोळीला गेलो. त्यांचा प्रश्न सायकलबद्दल नव्हता, हे कळायला पुढे दोन वर्षं गेली.

त्या दोन वर्षांत मी पुण्याच्या आसपासचे रस्ते शोधत होतो. पुण्यात रोड बाईक घेतलेला प्रत्येक जण पहिल्या महिन्यात एकच प्रश्न विचारतो: जायचं कुठे? शहरातल्या सायकल ट्रॅकवर भाजीच्या हातगाड्या, डीपी बॉक्स आणि पार्क केलेल्या स्कूटर असतात. बायपासवर कंटेनर असतात. नवले पुलाजवळ माझ्या एका मित्राला ट्रकने नुसता निसटता धक्का दिला. खांद्याचं हाड मोडण्यावर निभावलं, पण त्याने सायकल विकली ती विकलीच. त्यानंतर माझ्यासाठी चांगला रस्ता म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न चेष्टेचा राहिला नाही.

मी इंजिनिअर असल्यामुळे साहजिकच आधी स्क्रिप्ट लिहिली. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा घेतला, चढ-उताराचा डेटा जोडला, रुंदी, डांबर, सिग्नल, हायवेपासूनचं अंतर यांना गुण दिले. प्रोग्रामने एके दिवशी पानशेतच्या बॅकवॉटरजवळचा एक छोटा फाटा सुचवला. सपाट, मोकळा, गुण भरपूर. मी गेलो. रस्ता उतारावरून खाली गेला, डांबर संपलं, दगडी सोलिंग लागलं आणि मग तो सरळ पाण्यात शिरला. बंद नव्हता, वळलाही नव्हता. जणू पुढेही चालूच होता, फक्त पाण्याखालून. कुणीतरी मे महिन्यातल्या, धरण आटलेलं असतानाच्या सॅटेलाइट फोटोवरून तो आखला असणार. नकाशा चुकला नव्हता. रस्ता होता.

सायकल आडवी टाकून मी तिथे बराच वेळ बसलो. प्रोग्राम रस्त्याला जे गुण देत होता (वाहनं कमी, चढ सौम्य, फाटे थोडे), त्यांतला एकही गुण त्या रस्त्याने सायकलवाल्यांसाठी मिळवलेला नव्हता. ते त्याला काहीतरी घडल्यामुळे मिळाले होते. आणि काय घडलं, हे डेटात नव्हतं.

मग मी गॅझेटिअर वाचायला घेतलं. १८८५ साली निघालेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटिअरचा अठरावा खंड पुणे जिल्ह्याचा आहे, तीन भागांत. स्कॅन फुकट मिळतात. मोबाइलवर वाचताना डोळे दुखतात, पण त्यातली घाटांची माहिती म्हणजे मला आजवर मिळालेली सगळ्यात उपयोगी सायकल गाइड आहे. कुठल्या घाटातून गाडी जाते, कुठल्या घाटातून फक्त लादलेला बैल जातो आणि कुठे नुसता माणूस चालू शकतो, हे त्यात येतं. सायकलवाल्याला हवं ते वर्गीकरण नेमकं हेच आहे. कारण लादलेली बैलगाडी आणि सत्तर किलोचा दमलेला आयटीवाला यांची चढाच्या बाबतीतली सहनशक्ती साधारण सारखीच.

दिवे घाट घ्या. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आषाढीला जाताना पुण्याहून सासवडला याच घाटाने चढते. रथाला त्या चढासाठी जादा बैलजोड्या लावतात. म्हणजे बैलांना तो जड जातो, पण जातो. सायकलवर नेमका तसाच वाटतो. शेजारचा बोपदेव घाट सासवडच्याच बाजूला नेतो, पण त्यातला चढ इंजिनवाल्यांचा आहे. तिथे मी दोनदा उतरून सायकल ढकलली आहे आणि दोन्ही वेळा कुणी बघत नाही ना, हे आधी पाहिलं आहे.

पण या सगळ्यांचा बाप बोरघाट. कोकणातून देशावर चढायची वाट तिथे जुनीच होती. १८०४ च्या सुमारास आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या वेलिंग्टननेच, लष्कराच्या सोयीसाठी तिथे रस्ता करून घेतला. चाकाच्या गाड्यांसाठी नीट बांधलेला रस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने सुरू केला. त्यानंतर १८६३ मध्ये घाटातून रेल्वे गेली. तिचा जास्तीत जास्त चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. एवढा सौम्य चढ साधताना किती बोगदे खणावे लागले आणि किती मजूर कामी आले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. २००२ पर्यंत एक्स्प्रेसवे पूर्ण झाला आणि त्यावर दुचाकींना बंदी आली.

त्या बंदीने सायकलवाल्यांचं फार भलं केलं. घाईत असलेली मुंबई टोल भरून एक्स्प्रेसवेवर गेली आणि देहूरोडच्या पुढचा जुना हायवे बराचसा मोकळा झाला. तळेगाव, कामशेत, लोणावळा अशी उजाडताना मारलेली राइड पावसाळ्याच्या आधी आणि नंतर सुंदर असते. (पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोणावळ्याला सायकलवर जाऊ नका. गाडीनेही जाऊ नका. सोमवारी जा.) मुंबई–पुणे सायकल शर्यतही याच वाटेची. त्या शर्यतीत खोपोलीहून वर सगळ्यात आधी पोचणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. मी स्वतः तो घाट पहिल्यांदा चढलो तेव्हा मला घाटाचा भिकारी म्हणता आलं असतं.

त्याच जुन्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. ड्रायव्हर जाता-जाता नाणी टाकतात, हात जोडतात. लोककथा अशी: इंग्रजांना घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपली जनावरं ज्या वाटेने चढत-उतरत ती दाखवली. बक्षीस काय हवं, असं विचारल्यावर त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि साहेबाने त्याला गोळी घातली. कागदोपत्री याला आधार नाही आणि मीही ती इतिहास म्हणून सांगत नाहीये. पण माझ्या स्क्रिप्टला जे जमलं नाही ते या कथेला कळतं, म्हणून ती मला आवडते: वाट शोधणारा आणि वाटेवर नाव लागणारा हे दोन वेगळे लोक असतात. घाटात १८३० च्या काळातलाच अमृतांजन पूलही होता, डोकेदुखीच्या बामच्या जाहिरातीमुळे ते नाव पडलेला. तो २०२०च्या एप्रिलमध्ये, लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा असताना, पाडला. त्या पुलाचा माझ्याकडे एकही फोटो नाही. त्याच्याखालून मी निदान तीस वेळा गेलो असेन.

इथपर्यंत माझी थिअरी जमत आली होती. सायकलला चांगला रस्ता म्हणजे ज्याचं काम दुसऱ्याने उचललं आहे असा रस्ता. नवा आला की जुना मोकळा होतो. पण पुण्याच्या पश्चिमेचे रस्ते या थिअरीत बसेनात. खडकवासल्याच्या पाण्याच्या कडेने पानशेतला जाणारा रस्ता, मुळशीच्या तलावाला बिलगून ताम्हिणीकडे जाणारा रस्ता, हे आम्हा लोकांचे सगळ्यात लाडके. तिथे दुसऱ्या कुणी काम उचललेलं नव्हतं. तिथे जायची गावंच उरली नव्हती.

मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट हे नाव त्याच लढ्याने सगळ्यांच्या तोंडी झालं. धरण झालंच. मावळ्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली, ते पाणी कोकणात उतरवून त्याची वीज केली आणि वीज मुंबईला गेली. आज त्या काठावर फाटे कमी आहेत, सिग्नल नाहीत, डाव्या-उजव्या हाताला एकदम कुणी आडवं येत नाही. माझ्या प्रोग्रामने त्याला शंभरपैकी एक्क्याण्णव गुण दिले होते.

पानशेतचं तर मी घरी विचारायला हवं होतं.

एका रात्री जेवताना मी पाण्यात शिरणाऱ्या रस्त्याचा फोटो आजोबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि मग १२ जुलै १९६१ सांगितला. आमच्या घरात हा विषय कधी निघाला नव्हता, असं नाही. पण मी तो 'पूर आला होता, वाडा पडला' एवढ्या दोन वाक्यांतच ऐकला होता.

पानशेतचं मातीचं धरण तेव्हा पुरतं झालेलंही नव्हतं आणि त्यात पाणी भरलं होतं. आदल्या रात्रभर जवान वाळूची पोती रचत होते. त्यामुळेच धरण रात्री न फुटता सकाळी फुटलं आणि हजारो माणसं झोपेत सापडली नाहीत. पुढे त्या लोंढ्याने खडकवासल्याचं ऐंशी वर्षांचं दगडी धरणही फोडलं. आजोबा तेव्हा चोवीस वर्षांचे, नारायण पेठेत राहायचे. सकाळच्या पाळीला सायकलवर खडकीला गेले होते. कामावर बातमी आली तशी ते निघाले आणि शिवाजीनगरच्या बाजूला अडकले. मधे मुठा, पूल पाण्याखाली, पलीकडे आई आणि बहीण.

"मग काय केलंत?"

"काय करणार? सायकल घेऊन उभा राहिलो."

रात्र एका मित्राच्या ओट्यावर काढली. दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून चिखलातून सायकल खांद्यावर घेऊन ते पेठेत पोचले. वाडा बसला होता. आई आणि आत्याआजी पर्वतीवर पळाल्या होत्या, त्या संध्याकाळी सापडल्या. घरातली शाबूत उरलेली एकमेव वस्तू म्हणजे आजोबांच्या खांद्यावर होती ती.

पुढे पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. गोखलेनगर, जनवाडी, सहकारनगर. पेठांतलं पुणे चारी बाजूंना पसरलं ते पुष्कळसं या पुरामुळे. आमचं घर गोखलेनगरला गेलं. "खडकी तिथून जवळ पडायची," आजोबा म्हणाले, "तेवढा एक फायदा."

सायकलींचं शहर म्हणून पुण्याचं जे कौतुक होतं त्यात मला आता हेही दिसतं. पाळी सुटली की खडकीच्या रस्त्यावर सायकलींचा लोंढा असायचा. ती माणसं रूट शोधत नव्हती. म्युनिसिपालटीचा बिल्ला, दिवा नसला की पोलीस, डबलसीट दिसलं की पोलीस, आणि दोन्ही वेळचा तोच चढ. त्यांच्यातल्या बहुतेकांनी पहिली संधी मिळताच लूना घेतली. आजोबांनी घेतली नाही; ती तत्त्वासाठी नव्हे, पैसे बहिणीच्या लग्नात गेले म्हणून.

मागच्या मे महिन्यात मी त्यांना गाडीतून पानशेतला घेऊन गेलो. चौसष्ट वर्षांत ते त्या बाजूला फिरकले नव्हते. धरणावर ते थांबले नाहीत, त्या फाट्याकडे चल म्हणाले. पाणी खूप खाली गेलं होतं आणि रस्ता मी पाहिला होता त्याहून बराच पुढपर्यंत उघडा पडला होता. पलीकडे एक चौथरा दिसत होता. चहाच्या टपरीवरच्या मावशी म्हणाल्या, त्यांच्या सासूबाईंचं माहेर तिकडचं. दर उन्हाळ्यात त्या चौथऱ्यावर नारळ वाढवायला जायच्या. आता चालवत नाही.

आजोबांनी मावशींना सासूबाईंचं वय विचारलं. त्यांच्याहून चार वर्षांनी लहान निघाल्या. दोघांचं घर एकाच नदीने नेलं होतं, त्यांचं पाणी साठवताना आणि यांचं पाणी सुटल्यावर. हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी दुसरा चहा घेतला. डॉक्टरांनी एकच सांगितलाय.

परतताना खडकवासल्यापाशी गाड्यांची रांग लागली होती. कणीसवाले, भजी, सेल्फी. आजोबा खिडकीतून बघत होते.

"गोखलेनगरहून इथवर तुला किती वेळ लागतो?"

"इथवर पाऊण तास. पानशेतला दोन तास."

"चढ?"

"फारसा नाही. खानापूरच्या पुढे थोडा."

"सायकल कुठली म्हणालास? गिअरची?"

"हो, बावीस गिअर."

"बावीस," ते म्हणाले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग राजाराम पुलाच्या सिग्नलला म्हणाले, "थोड्याशा चढाला बावीस कशाला लागतात रे?"