विद्यापीठ नामानिराळं

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची वाट पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमधून जायची, आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथेच गळत. १९७०च्या दशकात गणितज्ञ यूरी ट्राइजमन यांनी जुने निकाल चाळले. दहा वर्षांत कॅल्क्युलसचं पहिलं सत्र पूर्ण करणाऱ्या या विद्यार्थ्यांपैकी ६० टक्क्यांच्या पदरी ‘डी’ किंवा ‘एफ’ ही तळाची श्रेणी पडली होती. आकडे कुणी दडवलेले नव्हते. त्यांचा अर्थ मात्र आधीच ठरून गेला होता. प्राध्यापकांना कारण विचारलं, तर शिकण्याची ओढ कमी, पाया कच्चा, घरचा पाठिंबा नाही, परिस्थिती गरिबीची, अशी उत्तरं आली. सहानुभूती होती म्हणा, पण चारही उत्तरांत खोट विद्यार्थ्यात किंवा त्याच्या घरात, विद्यापीठ नामानिराळं.

ही कारणं पडताळल्यावर एकही टिकलं नाही. प्रवेशपरीक्षेत गणितात चांगले गुण मिळवलेली कृष्णवर्णीय मुलंही अनेकदा विद्यापीठातून काढली जाण्याच्या बेतात होती, मग पाया कच्चा कसा म्हणायचा? तेव्हा ट्राइजमन यांनी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रत्यक्ष कसा चालतो ते जवळून पाहिलं. कृष्णवर्णीय मुलं आठवड्याला आठेक तास, सांगितले तेवढे, इमानेइतबारे आणि एकेकटी बसत. चिनी मुलं चौदाएक तास देत. आधी एकट्यानं गणितं सोडवायची, मग संध्याकाळी जमून, कधी मिळून स्वयंपाक करून, एकमेकांची उत्तरं तपासायची. एखादं गणित कुणालाच सुटलं नाही, तर ते अवघड आहे हे कळायचं. एकट्या बसलेल्याला वाटायचं, आपणच मठ्ठ.

चाळीस जणांवरून दोन समाजांबद्दल बोलायचं का, हा आक्षेप रास्तच. पण खरी कसोटी ट्राइजमन यांनी पुढे घेतलेल्या कार्यशाळेत लागली. तिथे गटानं बसून नेहमीपेक्षा अवघड गणितं सोडवायची होती. त्यात आलेल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थ्यांनी गोऱ्या आणि आशियाई वर्गमित्रांनाही मागे टाकलं. यावर कुणी म्हणेल, हौसेनं येणारे मुळात होतकरूच असणार. असतीलही. पण मग ओढ नाही, या पहिल्या कारणाचं काय? शिवाय तशीच होतकरू मुलं आधीची दहा वर्षं गळतच होती. कार्यशाळेतले बरेच जण आपापल्या शाळांत पहिले आलेले होते. ‘कच्च्या मुलांसाठी जादा तास’ अशी पाटी लावली असती, तर त्यांनी तिकडे पाऊलही टाकलं नसतं.