नकाराच्या आडून होकार : इंग्रजीतील मन वळवणाऱ्या रचना

विमानाचे तिकीट ऑनलाइन काढताना शेवटच्या टप्प्यावर प्रवासविम्याची विचारणा होते. विमा नको असेल, तर काही वेळा ‘आय विल स्टे अनसिक्युअर्ड’, म्हणजे ‘मी असुरक्षितच राहीन’, अशा अर्थाच्या पर्यायावर बोट टेकवावे लागते. विमा नाकारणे हा साधा व्यवहार. पण शब्दरचना त्याला बेपर्वाईचे रूप देते. नकाराचा असा उपयोग रोजच्या इंग्रजीत सर्रास आढळतो. त्याचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे.

सौम्य नकार

एखाद्या गुणाच्या विरुद्ध गुणाचा नकार करून मूळ गुण सूचित करणे, या अलंकाराला इंग्रजीत ‘लायटोटीस’ म्हणतात. ‘नॉट बॅड’ हे त्याचे परिचित उदाहरण. मराठीतील ‘वाईट नाही’ त्याच जातीचे. दोन नकार मिळून एक होकार होतो, हे व्याकरणाने मान्य केले असले, तरी तो होकार पूर्ण बळाचा नसतो. ‘इट इज नॉट अनरीझनेबल’ असे म्हणणारा आपली मागणी वाजवी असल्याचे ठामपणे सांगत नाही; ती गैरवाजवी ठरवण्याचा भार मात्र ऐकणाऱ्यावर टाकतो. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मधील ‘पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज’ या निबंधात ‘नॉट अन–’ या रचनेवर टीका केली होती.

जाहिरातीतील ‘नथिंग’

‘नथिंग वर्क्स फास्टर’, म्हणजे ‘याहून जलद काहीही काम करत नाही’, हे वाक्य ऐकताच ग्राहक ‘हेच सर्वांत जलद’ असा अर्थ घेतो. प्रत्यक्षात बाजारातील सगळीच औषधे सारख्या वेगाची असली, तरीही ते वाक्य खरेच ठरते. दावा बरोबरीचा आणि भास श्रेष्ठत्वाचा, अशी ही किमया आहे.

नकारार्थी प्रश्न

‘डू यू थिंक’ हा खुला प्रश्न. ‘डोन्ट यू थिंक’ यात अपेक्षित उत्तर आधीच दडलेले असते. मराठीतील ‘खरे नाही का?’ हा प्रश्नही असाच होकार गृहीत धरतो. विक्रेता, वकील आणि मुलाखतकार या रचनेचा लाभ घेतात, कारण अशा प्रश्नाला ‘नाही’ म्हणणे हे उत्तर न राहता विरोध वाटू लागते.

तोट्याची भीती

डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांचा १९८१ मधील प्रयोग प्रसिद्ध आहे. ६०० जणांच्या जिवावर बेतलेल्या काल्पनिक साथीत ‘२०० जण नक्की वाचतील’ असे सांगितल्यावर ७२ टक्के लोकांनी तो खात्रीचा मार्ग निवडला. तीच गोष्ट ‘४०० जण मरतील’ अशी मांडल्यावर केवळ २२ टक्क्यांनी तो स्वीकारला. उरलेल्यांनी जोखमीचा पर्याय पत्करला. आकडे तेच होते, बदलली ती मांडणी. ‘डोन्ट मिस आउट’ ही विक्रीची हाक याच स्वभावावर बेतलेली आहे.

उलटणारा नकार

नकार नेहमीच बोलणाऱ्याच्या उपयोगी पडतो असे नाही. वॉटरगेट प्रकरणात अडकलेले अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी नोव्हेंबर १९७३ मध्ये ‘आय अॅम नॉट अ क्रूक’, म्हणजे ‘मी लबाड नाही’, असे जाहीर केले. लोकांच्या स्मरणात ‘लबाड’ हाच शब्द राहिला. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ यांच्या २००४ मधील पुस्तकाचे नावच ‘डोन्ट थिंक ऑफ अॅन एलिफंट’ असे आहे. हत्तीचा विचार करू नका म्हटले, की हत्तीच डोळ्यांपुढे उभा राहतो, हा त्याचा मथितार्थ.

कायद्याची दखल

पडद्यावरील अशा शब्दयोजनेची भारतात औपचारिक दखल घेतली गेली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत १३ प्रकार नमूद आहेत. नकार देणाऱ्याला लाजवणे किंवा भीती घालणे हा ‘कन्फर्म शेमिंग’ त्यांपैकी एक असून, विमा नाकारणाऱ्याला ‘असुरक्षित’ म्हणवून घ्यायला लावणे हे त्याचे उदाहरण म्हणून दिले आहे. दुहेरी नकारांसारख्या गोंधळात टाकणाऱ्या भाषेचा समावेश ‘ट्रिक क्वेश्चन’ या प्रकारात होतो.

वाचकाने काय करावे?

‘अनटिक धिस बॉक्स इफ यू डू नॉट विश टु ऑप्ट आउट’ हे नमुन्यादाखल रचलेले वाक्य पाहा. खूण काढणे, इच्छा नसणे आणि बाहेर पडणे, असे तीन नकार त्यात एकावर एक रचले आहेत. सरळ मराठीत त्याचा अर्थ एवढाच : ‘आमचे संदेश हवे असतील, तर खूण काढा.’ म्हणजेच खूण तशीच ठेवली, तर संदेश येणार नाहीत. घाईत वाचणारा नेमके याच्या उलट समजतो.

बँकेचा अर्ज असो, विम्याचे पत्र असो वा रुग्णालयातील संमतिपत्र, इंग्रजी वाक्यात नकार दिसला, की ते एकदा होकारार्थी करून आपल्या भाषेत म्हणून पाहावे. अर्थ तोच राहिला, तर सही करायला हरकत नाही. तो निसटत असेल, तर लेखणी खाली ठेवून विचारणा करावी.