डीसी हरली नाही, कारखान्यात गेली

आजीच्या घरी 'जर्मल'चं पातेलं होतं का? चहाचं, थोडे पोचे आलेलं, चिमट्यानं उचलायचं? आपल्याकडे बोलीत 'जर्मल' किंवा 'जर्मन' म्हणतात ते खरं तर ॲल्युमिनियम. हा धातू मातीतून वेगळा काढायला डीसी वीज लागते, आणि तीही प्रचंड. ती वीज बनवणारी यंत्रं आणि त्यांना थंड ठेवणारं पाणी, यांची ही गोष्ट.

एडिसन आणि वेस्टिंगहाउस यांची लढाई तुम्ही कुठेतरी ऐकली असेलच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एडिसन डीसीच्या बाजूनं, वेस्टिंगहाउस एसीच्या; एसी जिंकली, गोष्ट संपली. पण ही गोष्ट अर्धीच आहे. एसी जिंकली ती तारांवर, कारण ट्रान्सफॉर्मरनं तिचा दाब वाढवून ती लांब नेता येते. कारखान्यातल्या रासायनिक टाकीत मात्र तिचा उपयोग नव्हता. विजेनं पदार्थ फोडायचा, तर धातू एका बाजूला जमत राहायला हवा. दिशा सेकंदाला पन्नास वेळा उलट-सुलट झाली, तर जमलेलं टिकणार कसं? ॲल्युमिनियम, क्लोरीन, कॉस्टिक सोडा, शुद्ध तांबं, क्रोमचा मुलामा – या सगळ्यांना शाळेच्या पुस्तकातली 'दिष्ट' धाराच लागते.

1884 साली वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर ॲल्युमिनियमची छोटी शेंडी बसवली, तेव्हा या धातूचा भाव चांदीच्या जवळपास होता. दोनच वर्षांनी अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी एकमेकांच्या नकळत एकच युक्ती शोधली: वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवायचा आणि त्यातून डीसी सोडायची. दोघंही तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे, म्हणजे तुमच्यापैकी अनेकांच्या वयाचे. 1895 मध्ये हॉलची कंपनी नायगाऱ्याच्या नव्या वीजकेंद्राची पहिली गिऱ्हाईक झाली. गंमत बघा, एसीच्या विजयाचं प्रतीक मानलं जाणारं ते केंद्र, आणि त्याच्या पहिल्याच गिऱ्हाइकाला हवी होती डीसी! मग फिरती यंत्रं, म्हणजे रोटरी कन्व्हर्टर, बसवून एसीची डीसी करावी लागली.

फिरणारं यंत्र म्हटलं की ब्रश झिजणार, ठिणग्या उडणार, देखभाल संपणारच नाही. 1902 मध्ये पीटर कूपर ह्युइट यांनी न फिरणारा उपाय आणला: पाऱ्याचा रेक्टिफायर. निर्वात नळीत पाऱ्याच्या वाफेतून वीज एकाच दिशेनं जाते. काचेचे ते फुगे निळसर-जांभळे चमकत, आणि त्यांचे हात ऑक्टोपससारखे बाहेर आलेले असत. पण काच काही शे अँपिअरपर्यंतच पुरायची. कारखान्यांना हजारो हवे होते, म्हणून पोलादी टाक्या आल्या, आणि टाक्यांभोवती पाणी आलं.

इथे पाण्याचं काम नाजूक होतं. टाकी फार तापली की पाऱ्याची वाफ दाट होते, आणि वीज मध्येच उलट्या दिशेनं धावून शॉर्टसर्किट करते. याला बॅकफायर म्हणत. टाकी फार गार झाली तर आर्क डळमळते. म्हणजे पाणी हवं अंघोळीच्या पाण्यासारखं, ना कढत ना गार.

1950 नंतर सिलिकॉनचे डायोड आले आणि पारा हळूहळू मागे पडला. पाणी मात्र राहिलं, फक्त त्याचं काम बदललं. एक साधा हिशेब करू. मोठ्या ॲल्युमिनियम कारखान्यात शेकडो पॉट एकामागे एक जोडलेले असतात. प्रत्येकाला जेमतेम चार-साडेचार व्होल्ट लागतात, पण प्रवाह असतो तीन-चार लाख अँपिअर. डायोडमध्ये साधारण एक व्होल्ट खर्च होतो, आणि वाटेत असे दोन डायोड. चार लाख गुणिले दोन, म्हणजे आठ लाख वॉट उष्णता. दोन किलोवॉटचे चारशे गीझर अखंड चालू ठेवल्यासारखंच! एकूण विजेच्या मानानं हे नुकसान एक टक्काही नाही, पण ते बशीएवढ्या चकत्यांमध्ये साठतं. ते बाहेर काढायला पाण्याइतकं सोयीचं काही नाही.

पण पाणी आणि वीज एकत्र? साध्या पाण्यात क्षार असतात, त्यातून थोडी वीज झिरपते. ती झिरपली की नळ्यांचे धातूचे सांधे हळूहळू खाल्ले जातात. जी विद्युतरासायनिक क्रिया पलीकडे पॉटमध्ये धातू बनवते, तिचीच बहीण इथे धातू खाते. म्हणून आतल्या फेरीत क्षार काढून टाकलेलं शुद्ध पाणी फिरवतात आणि बाहेरच्या फेरीतलं पाणी त्याची उष्णता घेऊन जातं.

तुमच्यापैकी जे आखातात वाढलात, त्यांच्यासाठी ही गोष्ट शेजारची आहे. बहरीनचा कारखाना 1971 मध्ये सुरू झाला, दुबईतल्या जेबेल अलीचा 1979 मध्ये. ॲल्युमिना जहाजानं बाहेरून यायचा, वीज गॅसवर तयार व्हायची. जेबेल अलीला तर टर्बाइनच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर समुद्राचं पाणी गोडं केलं जाई.

अशा कारखान्यात पाण्याचा पंप थांबला, तर सिलिकॉन जळू नये म्हणून रेक्टिफायर आपोआप बंद पडतो. तेवढ्यासाठी एखादा गट जास्तीचा ठेवलेला असतो. पण सगळेच थांबले, तर घड्याळ सुरू होतं. पॉटमधला रस सुमारे 960 अंशांवर असतो. चार-पाच तास वीज नसेल तर तो गोठू लागतो, आणि गोठलेली पॉटलाइन पुन्हा सुरू करायला महिने लागू शकतात. म्हणून रात्रपाळीला कुणीतरी पाण्याचा दाब, तापमान आणि शुद्धता दाखवणारे काटे बघत बसलेलं असतं.

एडिसन-वेस्टिंगहाउसच्या गोष्टीत ही माणसं येत नाहीत. पुढच्या वेळी कुणी 'एसी जिंकली' म्हटलं, तर त्यांना आजीचं पातेलं दाखवा.