इलेक्ट्रॉनिक इंधन अंतःक्षेपण, स्वनिर्मित विमानांतील : सुट्या भागांची उपलब्धता

हौशी बांधणाऱ्याने स्वतः तयार केलेल्या विमानाच्या पिस्टन इंजिनात संगणकीय नियंत्रणाने इंधन फवारणाऱ्या यंत्रणेचे भाग विमानाच्या आयुष्यभर मिळवत राहणे, हा देखभालीचा एक विषय. अमेरिकेत अशी विमाने ‘प्रायोगिक, हौशी बांधणी’ या वर्गात नोंदवली जातात. त्यांत प्रमाणित भागच वापरण्याचे बंधन नसते. त्यामुळे लायकमिंग ओ-३२० किंवा ओ-३६० यांसारख्या १९५०च्या दशकातील आराखड्यांच्या इंजिनांवर कार्ब्युरेटर आणि मॅग्नेटो यांच्या जागी मोटारींतून आलेले तंत्र बसवता येते.

रचना : फ्लायव्हीलवरील चुंबके हॉल सेन्सरसमोरून जातात, तेव्हा नियंत्रकाला क्रँकची स्थिती आणि गती कळते. या माहितीला सेवन नळीतील दाब व हवेचे तापमान यांची जोड देऊन इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते तो ठरवतो. इंधनाचा दाब विजेचे पंप राखतात आणि सहसा उरलेले इंधन परतीच्या नळीने टाकीत जाते. वीज गेली की इंजिन बंद पडते. म्हणून दुसरा पंप आणि दुसरा वीजस्रोत ठेवतात.

भागांचे दोन गट : इंजेक्टर, पंप, तापमान व दाबाचे सेन्सर आणि इग्निशन कॉइल हे बहुधा मोटारींचेच भाग असतात. लाखो गाड्यांत ते वापरलेले असल्याने मूळ कंपनीने उत्पादन थांबवले तरी पर्यायी उत्पादकांचे भाग बाजारात मिळतात. भागावरील मूळ क्रमांक टिपून ठेवलेला असला म्हणजे झाले. शिसेयुक्त विमान-पेट्रोलवर ऑक्सिजन सेन्सर लवकर निकामी होतो, पण तोही सहज बदलता येतो. नियंत्रकाची गोष्ट वेगळी. तो बहुधा लहान कंपनी मोजक्या संख्येने बनवते. त्यातील मायक्रोकंट्रोलरचे उत्पादन चिप कंपनी कधीही थांबवू शकते. २०२०नंतरच्या चिपटंचाईत मोठ्या वाहन उत्पादकांनाही पुरेसा माल मिळाला नव्हता. नवी चिप घ्यायची तर सर्किट आणि आज्ञावली दोन्ही नव्याने करावी लागतात. नियंत्रक राळेत बुडवून बंद केलेला असल्यास दुरुस्तीही अवघड होते.

कालावधीतील तफावत : या लायकमिंग इंजिनांच्या दोन ओव्हरहॉलमधील शिफारस केलेला अवधी साधारण २,००० तास असतो. वर्षाला १०० तास उडणाऱ्या विमानाला तेवढे तास भरायला २० वर्षे लागतात. पत्र्याचा सांगाडा त्याहून कितीतरी जास्त टिकतो. मोटारींतला अनुभव इथे बोलका आहे. बॉशची डी-जेट्रॉनिक यंत्रणा १९६७मध्ये फोक्सवॅगनच्या गाड्यांत आली. आज त्या गाड्यांचे मालक तिचे जुने दाब-सेन्सर दुरुस्त करून घेऊन काम चालवतात.

उपाय : अनेक जण एक जादा नियंत्रक घेऊन ठेवतात. मात्र इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कपाटात पडूनही जुने होतात, म्हणून तो अधूनमधून जोडून तपासावा लागतो. विमानात दोन नियंत्रक असणे ही उड्डाणातील सुरक्षेची सोय आहे. दोन्ही एकाच बनावटीचे आणि एकाच वयाचे असल्याने पुरवठ्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. वायरिंगचा नकाशा, कनेक्टरच्या प्रत्येक पिनचे काम आणि इंधन व इग्निशनचे तक्ते कागदावर असतील, तर दुसऱ्या बनावटीचा नियंत्रक बसवणे शक्य होते. लायकमिंगसारख्या इंजिनावर कार्ब्युरेटर व मॅग्नेटो परत बसवण्याची वाटही उरते.

विमान विकले जाते तेव्हा या कागदांचे मोल वाढते. अमेरिकेत मूळ बांधणाऱ्याला मिळालेले, विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करू देणारे रिपेअरमन प्रमाणपत्र विमानाबरोबर नव्या मालकाकडे जात नाही, आणि यंत्रणेची जोडणी त्या एकाच विमानापुरती असल्याने तिची छापील पुस्तिका मेकॅनिकला इतरत्र मिळत नाही.