कोबीवरचा पडदा

वास्कोच्या बाजारात आपण जो कोबीचा गड्डा हाती घेतो, तो बहुधा घाट उतरून आलेला असतो. पेडणे आणि डिचोली या महालांतील मळ्यांतली तांबडी भाजी, मुळा, मिरची यांचा मान निराळा आहे. कोबी मात्र आम्ही बेळगावच्या बाजूने येणाऱ्या गाड्यांवर सोपविला आहे. हे असे का झाले, आणि घरच्या परसात चार कोबी लावू म्हणणाऱ्याच्या वाट्याला निराशा का येते, याचा इतिहास एका लहानशा पतंगाशी जोडलेला आहे. आज तोच श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे.

प्रथम नावाकडे पाहू. ‘कोबी’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. आसगावचे सुपुत्र मोन्सेन्योर दाल्गाद यांनी पोर्तुगीज शब्द आशियाई भाषांत कसे पसरले हे दाखविणारा आपला ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध केला. त्यात पोर्तुगीज ‘कोव्ह’पासून आपल्याकडे कोबी आला, अशी नोंद सापडते. यात एक गंमत आहे. पोर्तुगीज माणूस ‘कोव्ह’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा मोकळ्या पानांची भाजी असते. गड्ड्याच्या कोबीला त्याच्याकडे वेगळे नाव आहे. आपण पानाचे नाव घेतले आणि ते गड्ड्याला दिले. नवलकोल हे नाव डचांचे. फ्लॉवर तर फारच अलीकडचा: १८२२ साली सहारणपूरच्या कंपनीबागेत डॉ. जेमसन यांनी विलायती बियाणे आणून तो लावला, असे उद्यानविद्येचे ग्रंथ सांगतात. मोहरी आणि मुळा हे मात्र याच कुळातले आपले जुने सोयरे.

नाव आले, रोपही आले. बियाणे मात्र येथे रुजले नाही. कोबीला फुलोरा येण्यासाठी दीर्घ थंडी लागते. कुलूच्या खोऱ्यात, कटराईन येथे ती मिळते. मुरगावच्या किनाऱ्यावर ती कोठून मिळणार? म्हणून या प्रांतात कोबीचे बी नेहमीच बाहेरून यावे लागले, आणि पुढे पुढे गड्डाही बाहेरूनच येऊ लागला. १८८८ साली मुरगाव बंदर लोहमार्गाने घाटावरच्या प्रदेशाशी जोडले गेले आणि घाटमाथा जवळ आला.

ही सोय किती नाजूक आहे, याचा अनुभव गोव्याने दोनदा घेतला. १९५५ साली सत्याग्रहानंतर भारत सरकारने पोर्तुगीज सत्तेविरुद्ध आर्थिक नाकेबंदी कडक केली आणि लोहमार्गावरील वाहतूक थांबली. तेव्हा याच मुरगाव बंदरात हॉलंडचे बटाटे उतरले. तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातून आली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि घाटाची वाट पुन्हा खुली झाली. दुसरा अनुभव २०२० च्या मार्चमधला. टाळेबंदीच्या पहिल्या दिवसांत सीमा बंद झाल्या, भाजीच्या गाड्या अडल्या आणि वास्कोतील कित्येक घरांत परसातल्या पालेभाजीकडे नव्याने लक्ष गेले.

अशा वेळी मनुष्य कोबी लावावयास निघतो. दिवाळीनंतर रोपे लावतो, आठ दिवस कौतुकाने पाहतो, आणि एके सकाळी पानांना बारीक पारदर्शक खिडक्या पडलेल्या दिसतात. पान वरून शाबूत, खालून खरवडलेले. बोट लावताच हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती अळी वळवळते आणि रेशमी धाग्याला लोंबकळत खाली उतरते. हीच चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी. पतंग स्वतः बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढाही नसतो. पंख मिटून बसला की पाठीवर फिकट चौकटींची माळ दिसते, म्हणून हे नाव. लिनियसने १७५८ साली त्याचे शास्त्रीय नामकरण केले. त्याचे माहेर कोणते, यावर पंडितांचे एकमत नाही. कोणी भूमध्य सागराचा काठ म्हणतात, कोणी दक्षिण आफ्रिका, तर अलीकडे दक्षिण अमेरिकेचेही नाव पुढे आले आहे. भारतातली त्याची पहिली नोंद १९१४ सालची, फ्लेचर या कीटकशास्त्रज्ञाची. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत त्याची एक पिढी पुरी होते. थंडी संपेपर्यंत एकाच वाफ्यावर त्याचा वंश किती वेळा वाढेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

या जिवाविरुद्ध माणसाने जे युद्ध मांडले, ते बहुतांशी विषाचे आहे. पुसा येथील संस्थेत सरकारी कीटकशास्त्रज्ञ म्हणून लेफ्रॉय यांनी काम केले. ‘भारतीय कीटकजीवन’ हा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९०९ चा. हेच लेफ्रॉय पुढे लंडनमध्ये कीटकनाशक वायूचे प्रयोग करीत असता त्याच वायूने गुदमरून १९२५ साली मरण पावले. मग डी.डी.टी. आली. तिचा कीटकनाशक गुण १९३९ साली म्यूलर यांनी ओळखला, १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि आता कीटकांचा अंत झाला असे लोकांना वाटू लागले. तो अंत फार काळ टिकला नाही. १९५३ साली जावा बेटातील लेंबांग येथे डी.डी.टी. पचविणारे हेच पतंग आढळले. शेतीपिकावरील किडीने डी.डी.टी.ला दाद न दिल्याचे हे अगदी पहिल्या उदाहरणांपैकी एक. आपल्याकडे १९६८ मध्ये लुधियान्याहून तशीच वार्ता आली. जैविक म्हणून गौरविलेल्या जिवाणूच्या विषालाही हवाई बेटांतल्या पतंगांनी शेतात दाद दिली नाही, हे १९९० मध्ये जाहीर झाले.

प्रत्येक पराभवानंतर फवारणीची मात्रा वाढते, निरनिराळी औषधे एकत्र कालविली जातात. गड्ड्याची रचनाच अशी की पानावर पान मिटत जाते. वरची दोन पाने काढून टाकण्याची आमच्या गृहिणींची रीत शहाणपणाची आहे. पण ती बाजारातून आलेल्या वस्तूवरच्या अविश्वासाचीही खूण आहे.

आता पडद्याकडे वळू. अमेरिकेत न्यूयॉर्क संस्थानातील जिनीव्हा येथे विसाव्या शतकाच्या आरंभीच कोबीच्या रोपवाटिकेवर विरळ सुती कापड ताणून मुळे खाणाऱ्या माशीला बाहेर ठेवण्याचे प्रयोग झाले होते. विषांचा बोलबाला झाला तेव्हा ते मागे पडले, ही माझ्या मते या इतिहासातली खरी चुकामूक. पुढे पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशात, कोतोनू येथे, साध्या मच्छरदाणीच्या जाळीने कोबी झाकून पाहण्यात आला; त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. जाळी रात्री घालावयाची, कारण पतंग संध्याकाळनंतर उडतो. दिवसा ती काढली की उष्म्याचा त्रास नाही. कोतोनूही आपल्यासारखेच दमट, समुद्राकाठचे गाव. म्हणून तेथला अनुभव वास्कोला अधिक जवळचा.

जाळीच्या बाबतीत कोबीची एक मोठी सोय आहे. काकडी-भोपळ्याला मधमाशी लागते. कोबीची आपण पाने खातो, फ्लॉवरचा न उमललेला फुलोरा खातो. परागीभवनाची गरज नसल्याने जाळी काढणीपर्यंत ठेवली तरी पीक अडत नाही. तरीही ती फसते, आणि त्याची कारणे साधी आहेत. खारीवाड्यावर मासेमारीची जुनी जाळी सहज मिळतात, ती वाफ्यावर टाकून लोक निश्चिंत होतात. त्या भोकांतून पक्षी अडतो, पतंग नव्हे. उलट ढिले नायलॉन पक्ष्यांच्या आणि सापांच्या जिवावर उठते. मच्छरदाणीची वीण पतंगाला पुरते. मावा तिच्यातूनही शिरतो, आणि त्याला अडविण्याइतकी दाट वीण घेतली तर आत वारा कोंडतो. दोहोंचा मेळ ज्याच्या त्याच्या अंगणातील वाऱ्यावर ठरतो.

बांबूच्या कामट्यांच्या कमानी इतक्या उंच असाव्यात की वाढलेले पान जाळीला टेकणार नाही. टेकले तर पतंग बाहेर बसून पानावर अंडी घालतो. कडा मातीने किंवा वाळूने दाबाव्यात. जाळी रोपे लावल्याच्या दिवशीच चढवावी, आणि त्याआधी प्रत्येक रोपाचे पान उलटून पाहावे. कारण शत्रू आत राहिला तर त्याला खाणारे पक्षी नि गांधीलमाश्या बाहेर राहतात आणि पडदा त्याचेच संरक्षण करतो. ज्या वाफ्यात मागील पिकावर मोठी पाने खाणारी अळी होती, तेथे तिचे कोष मातीत असतात. तो वाफा त्या वर्षी कोबीला देऊ नये.

जाळी विकत घेणे ज्यांना जड वाटते त्यांच्यासाठी बंगळूरच्या उद्यान संशोधन संस्थेने आपल्याच मोहरीचा उपयोग दाखविला आहे. कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी. एक कोबीच्या पंधरा दिवस आधी पेरावयाची, दुसरी लागवडीनंतर पंचवीस दिवसांनी. पतंग कोबी सोडून मोहरीकडे ओढला जातो आणि मारावयाचा तो तेथेच मारता येतो. परसातल्या चार रोपांना ओळींचा हिशेब लागत नाही. जाळीच्या बाहेर, कुंपणाकडेला मूठभर मोहरी पसरली तरी चालते.